रंगपेटी माळ्यावर टाकू नका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात घेतलेल्या बाल चित्रकला स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडे नीटनेटके करून येथे देत आहे.)



मला दहा मिनिटे बोला असे सांगण्यात आले आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात माईक दिला की दहाची वीस होतात, हे आपण पंचवीस वर्षांच्या वार्षिक सभांमधून अनुभवले आहेच. तेव्हा थोडे सांभाळून घ्या. मागे आवाज येतोय ना? ठीक.

मुलांची चित्रे पार्किंगमध्ये दोरीला चिमटे लावून टांगली आहेत. मी सकाळी दोन वेळा जाऊन ती बघून आलो. निम्म्याहून जास्त चित्रांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी आहे. छान आहे. पण मुलांनो, आपण गुहागरला राहतो. आपल्याकडे सूर्य रोज संध्याकाळी सुरूच्या बनापलीकडे समुद्रात बुडतो, आणि तुमच्या चित्रात तो कुठल्या कोण डोंगरातून उगवतो! एकाने मात्र आपल्या सोसायटीचे पंपघर काढले आहे. गंजलेला दरवाजा, बाजूला पडलेली सोलणे आणि उन्हात झोपलेले मांजर. त्याला पहिला नंबर मिळालेला नाही, पण त्याने काढले ते बघून काढले आहे. त्याला माझ्यातर्फे एक ब्रश.

आता मुख्य मुद्दा. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "साहेब, आमची मुलगी बारावीनंतर आर्टला जायचं म्हणते. तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला व्यवहार कळतो. तिला जरा समजावून सांगा." नाव सांगत नाही आणि तुम्हीही ओळखायचा प्रयत्न करू नका. आपल्याकडे 'समजावून सांगा' याचा अर्थ 'नको म्हणून सांगा' असाच असतो. मी हो म्हणालो आणि वर आलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण अशीच समजावणी मी एकदा केलेली आहे. पन्नास वर्षांपूर्वी. ती आज इथे सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि ज्याला मी समजावले त्याची परवानगी घेऊन सांगणार आहे. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. माझा धाकटा भाऊ.

आमचे घर खालच्या पाटात. छोटी वाडी, थोडे नारळ, थोड्या पोफळी. भावाचा हात लहानपणापासून चांगला. श्रावण लागला की शाळेतून सुटून तो थेट गणपतीच्या शाळेत जाऊन बसायचा. आधी माती मळायला, मग रंग कालवायला. चौदाव्या वर्षी तिथल्या म्हाताऱ्या मूर्तिकारांनी त्याच्या हातात बारीक कुंचला देऊन डोळ्यांची आखणी करायला सांगितली. ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, आखणी कोणालाही देत नाहीत. सगळी मूर्ती रंगवून झाली तरी डोळे चुकले की गणपती बघत नाही. हा श्वास धरून आखायचा.

एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, त्यात 'ए' ग्रेड मिळाली. १९७५ साली त्याचे ड्रॉइंगचे मास्तर आमच्या पडवीत येऊन बसले. म्हणाले, "याला मुंबईला जे. जे.ला पाठवा." वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. घरात आई, लग्नाच्या दोन बहिणी, आणि मिळवता मी एकटा. बँकेत लागून तीन वर्षे झाली होती. मी मास्तरांना चहा दिला आणि पाटीवर हिशेब मांडून दाखवला. मुंबईत राहणे, खाणे, कागद, रंग, फी, आणि पाच वर्षांनी समोर काय? मास्तरांना 'काय' याचे उत्तर देता आले नाही. ते निमूटपणे उठले. जाताना एवढेच म्हणाले, "हिशेब बरोबर आहे तुमचा."

भाऊ सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला. प्रामाणिकपणे नोकरी केली, संसार केला, मुले शिकली, पेन्शन घेतो. तक्रार एका शब्दाने कधी केली नाही. तो निवृत्त झाला तेव्हा मी हौसेने चांगल्या जलरंगांची पेटी आणून दिली. त्याने ती उघडली. बराच वेळ बघत बसला. एक कागद घेतला, ओला केला, ब्रश टेकवला आणि परत ठेवला. म्हणाला, "दादा, हात वळत नाही आता."

मंडळी, तेव्हापासून मी या विषयावर जे हाती लागेल ते वाचतो. माझा हिशेब बरोबर होता असे मास्तर म्हणाले होते. मग चुकले कुठे, हे मला शोधायचे होते. वाचता वाचता तीन माणसे सापडली. तिघेही आपल्याच पट्ट्यातले. एक सावंतवाडीचे, एक अलिबागकडच्या नागावचे, आणि एक मूळ गोव्याचे. तिघांनीही पोटाचा प्रश्न तीन निरनिराळ्या रीतींनी सोडवला.

पहिले सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडी. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि १९०८ साली मुंबईतच स्वतःचा चित्रकलेचा वर्ग काढला, 'हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट'. १९०८ साल म्हणजे चित्रे विकत घेणारा माणूस संस्थानिक तरी, नाहीतर साहेब. त्यांच्या भरवशावर घर कसे चालणार? हळदणकरांनी शिकवणे हा पाया धरला आणि त्यावर चित्रांचा मजला चढवला. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांत ते होते. मैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जे चित्र आहे, 'ग्लो ऑफ होप', ते आपल्यापैकी अनेकांनी सहलीला जाऊन पाहिले असेल. बरेच लोक ते राजा रविवर्मांचे समजतात. ते हळदणकरांचे आहे. जलरंगातले आहे, आणि समोर दिवा घेऊन तासन्‌तास उभी राहिली ती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. ते केले तेव्हा हळदणकरांचे वय साठीच्या पुढे होते. म्हणजे वर्ग काढल्यानंतर पस्तीस-चाळीस वर्षांनी. तोवर रोज पोरांच्या चुका दुरुस्त करून मग आपले काम करायचे, हा त्यांचा क्रम.

दुसरे प्रभाकर बरवे. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जन्म १९३६, नागाव. नारळ-पोफळीचे गाव, आपल्यासारखेच. जे. जे.मधून १९५९ साली बाहेर पडले आणि १९६१ साली नोकरीला लागले. कसली नोकरी? केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रात. हातमागाच्या कापडासाठी नक्षी तयार करून द्यायची. सुरुवातीची काही वर्षे बनारसला, मग मुंबईला. वीसेक वर्षे त्यांनी ही नोकरी केली. सकाळी कामावर, संध्याकाळी घरी, महिन्याला पगार. तुमच्या-माझ्यासारखे.

आणि या वीस वर्षांत चित्रे थांबली नाहीत. बनारसमध्ये त्यांचा तंत्रमार्गातल्या आकृत्यांशी संबंध आला, तो त्यांच्या त्या काळच्या चित्रांत उतरला. पुढे ती वाट सोडून ते साध्या वस्तूंकडे वळले. पान, घड्याळ, ढग, कपडे अडकवायचा हँगर. रंग कुठला? पुष्कळदा इनॅमल, म्हणजे आपण ग्रिलला आणि दरवाजाला लावतो त्या जातीचा. आपल्या पंपघराचे चित्र काढणाऱ्या मुलाने हे लक्षात ठेवावे. गंजका दरवाजा हा विषय होऊ शकतो, आणि त्याच दरवाजाच्या रंगाने चित्रही होऊ शकते.

१९७६ साली त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा ते नोकरीतच होते. आणखी एक गोष्ट ते सतत करत, ती म्हणजे डायरी लिहिणे. आज काय पाहिले, काय सुचले, कुठे अडले, याची टिपणे आणि छोटी रेखाटने. यातूनच पुढे १९९० साली मौज प्रकाशनाने काढलेले 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक झाले. चित्र सुचते कसे, मोकळी जागा म्हणजे काय, हे मराठीत इतक्या शांतपणे सांगणारे दुसरे पुस्तक मी तरी वाचलेले नाही. पहिल्यांदा वाचताना मला निम्मे कळले नाही. दुसऱ्यांदा थोडे जास्त कळले. बरवे १९९५ साली, साठी गाठण्याआधीच गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले.

हे वाचले तेव्हा माझी चूक मला सापडली. मंडळी, भावाला नोकरीला लावले ही माझी चूक नव्हती. आई होती, बहिणी होत्या, त्या परिस्थितीत मी आजही तोच हिशेब मांडीन. चूक पुढची आहे. नोकरीची ऑर्डर आली त्याच आठवड्यात मी त्याची रंगपेटी, कागद, सगळे एका गोणत्यात बांधून माळ्यावर टाकले. म्हटले, आता हे पुरे, नोकरीत लक्ष घाल. पुढच्या श्रावणात तो गणपतीच्या शाळेत निघाला तर मी म्हटले, "आता तू सरकारी माणूस, तिथे मातीत काय बसतोस?" तो थांबला. त्याने माझे ऐकले, मोठ्या भावाचे ऐकायची पद्धत होती. मला वाटले होते, एक तर नोकरी, नाहीतर चित्र. बरवे दोन्ही करत होते. त्याच काळात, याच कोकणात जन्मलेला माणूस! मला माहीत नव्हते, आणि मी विचारलेही नाही.

हात हे बचत खात्यासारखे नसते. बचत खात्यात पैसे ठेवून चाळीस वर्षे विसरलात तरी व्याजासकट मिळतात. हाताचे उलट आहे. रोज थोडे काढले तर वाढते, ठेवून दिले तर मुद्दलही जाते.

तिसरे वासुदेव गायतोंडे. मूळ गोव्याचे घराणे, जन्म १९२४ नागपूरचा, वाढले गिरगावात. यांनी ना वर्ग काढला, ना पुढे कुठली नोकरी धरली. १९४८ साली जे. जे.ची पदविका घेतली. १९५७ साली टोकियोच्या प्रदर्शनात पहिले बक्षीस, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ साली पद्मश्री. हे ऐकून वाटते, मग काय, रग्गड झाले असेल! तसे नाही. त्यांची चित्रे म्हणजे ओळखीचे असे काही नसलेली, नुसत्या रंगांचे थर आणि त्यातून झिरपणारा उजेड. तेव्हा ती घेणारे फार थोडे. आणि हे वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रे करायचे. बाकीचा वेळ विचारात, बघण्यात, संगीत ऐकण्यात. पुढे दिल्लीला निजामुद्दीनमध्ये गच्चीवरच्या छोट्या जागेत एकटे राहिले. १९८४ साली अपघात झाला, त्यानंतर बराच काळ मोठे कॅनव्हास करणे जमेना, तर कागदावर लहान कामे केली. २००१ साली गेले.

गेल्यानंतर काय झाले ते वर्तमानपत्रांत आले आहेच. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटींच्या वर गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, हा २३ कोटींचा आकडा मुलांना सांगू नका. तो गायतोंड्यांच्या खिशात गेलेला नाही. तो आकडा बघून चित्रकार होणे म्हणजे लॉटरीचे तिकीट बघून संसार मांडणे. गायतोंड्यांकडून घ्यायचे ते वेगळे आहे. त्यांनी उत्पन्न वाढवायच्या मागे न लागता गरजाच इतक्या कमी ठेवल्या, की चित्राला घाई करावी लागू नये. हे सगळ्यांना जमणारे नाही. घरात म्हातारे आई-वडील असतील, मुले असतील, तर त्यांच्यावर ते लादूही नये. पण तोही एक मार्ग आहे.

तर, शिकवून जगणारा एक, नोकरी करून जगणारा एक, आणि खर्च आवळून जगणारा एक. तिघांनाही पुढे काय होणार याची हमी कोणी दिली नव्हती. चौथ्या एखाद्याला या तिन्ही मार्गांनी जाऊनही नाव मिळाले नसेल. असे चित्रकार पुष्कळ आहेत, त्यांच्यावर पुस्तके निघत नाहीत म्हणून आपल्याला ते माहीत नाहीत. हेही त्या मुलीला मी सांगणार आहे. फसवून कोणाला या वाटेला लावायचे नाही.

आता थोडा व्यवहार, कारण त्यासाठीच मला विचारले होते. चित्र शिकायला आता मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. चिपळूणजवळ सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, आपल्याकडची मुले तिथे शिकतात. शिकताना कलाशिक्षकाची पदविका, छपाईची मांडणी, कापडावरची नक्षी, असे एखादे पोटाचे कौशल्य जोडीला घ्यावे. त्यात कमीपणा नाही, हळदणकर आणि बरवे दोघांनी तेच केले. शिकून झाल्यावर प्रदर्शनासाठी कर्ज काढू नये. फ्रेम, वाहतूक, पत्रिका, हॉलचे भाडे, मुंबईत राहणे, हे सगळे आधी खर्च होते आणि चित्र विकले जाईल की नाही हे शेवटच्या दिवशी कळते. जहांगीरसारख्या ठिकाणी तर नंबर लागायलाच काही वर्षे जातात. तोवर पैसे साठवावेत. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, आरोग्य विमा असावा. विकलेल्या प्रत्येक चित्राची नोंद ठेवावी, फोटो, माप, तारीख, कोणाला दिले, किती घेतले. कलावंताने हिशेब ठेवू नये असा नियम कुठे नाही. हिशेब स्वच्छ असला की मन चित्रासाठी मोकळे राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, कुठलीही नोकरी धरली तरी दिवसाचा एक तास ठरलेला. पाहुणे आले, लाइट गेली, पाऊस कोसळला, तरी तो तास चित्राचा. कोकणात पावसाळा चार महिने. कागद दमट होतो, रंग वाळत नाही. मग त्या दिवशी पेन्सिलीने काढा, पण काढा.

हे झाले मुलांचे. आता आपण मोठ्यांनी काय करायचे? हमी आपण देऊ शकत नाही. मी आयुष्यभर हमीपत्रे तपासली आहेत, माणसाच्या आयुष्याची हमी देणारा फॉर्म मी पाहिलेला नाही. पण आपण जागा देऊ शकतो आणि वेळ देऊ शकतो. घरात एक कोपरा असा, की तिथले पसरलेले कागद पाहुणे येणार म्हणून कोणी आवरणार नाही. आणि 'हे काढून काय मिळणार' हा प्रश्न दर आठवड्याला न विचारणे. एवढे फुकट आहे.

मी कमिटीकडे एक अर्ज दिला होता, तो मंजूर झाल्याचे सेक्रेटरींनी आत्ताच सांगितले. सोसायटी ऑफिसच्या मागची खोली, जिथे जुने पाइप आणि मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत, ती रिकामी करून दर रविवारी सकाळी दोन तास चित्रांसाठी उघडी राहील. फी नाही, परीक्षा नाही. मुलांनी यावे, मोठ्यांनीही यावे. निवृत्त मंडळींनी विशेष यावे. कागद आणि रंगांचा पहिल्या वर्षाचा खर्च मी करीन, याला कृपया देणगी समजू नये. एका जुन्या खात्याची थकबाकी आहे. मुद्दल फेडता येणार नाही, थोडे व्याज तरी भरू द्या.

त्या मुलीच्या वडिलांना माझे उत्तर असे आहे. मी तिला समजावणार आहे, पण 'जाऊ नकोस' असे नाही. मी तिला विचारणार आहे, की चित्र विकले गेले नाही, बक्षीस मिळाले नाही, कोणी चांगले म्हटले नाही, तरी तू उद्या सकाळी उठून कागदासमोर बसशील का? ती हो म्हणाली, तर तुम्ही आणि मी बसून बाकीचा हिशेब करू. हिशेब मला येतो. तिने काय करावे ते ठरवायचा अधिकार मात्र माझा नाही, हे कळायला मला पन्नास वर्षे लागली.

काल रात्री मी भावाला विचारले, रविवारी खोलीवर येशील ना? तो म्हणाला, "येईन. मुलांच्या पेन्सिलींना टोक करून देईन." मी म्हटले, चालेल. तेवढ्यानेही सुरुवात होते.

मुलांनो, आता बक्षिसे. सगळ्यांनी आपापल्या जागेवर बसा, नाव पुकारल्यावर या. आणि पुढच्या वर्षी कोणीतरी आपला समुद्र काढा.